एक दोष आधी सांगावा

॥ श्री ॥

कुवेंपुनगर, म्हैसूर
८ जानेवारी २००२

चि. हयग्रीव यास,
अंबक्काचे अ. उ. आ.

पाकीट जाड दिसलं की तुझ्या कपाळाला आठ्या पडतात, म्हणून चांगली बातमी आधी सांगते. आपल्या तुळसीच्या लग्नाची चौकशी सुरू झाली. परवा रविवारी सकाळी स्कूटरवरून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. जस्टिस हयग्रीवरावांच्या बहीण इथेच राहतात ना, सहज इकडून चाललो होतो, असं कानडीत म्हणाले. सहज चाललेला माणूस चपला काढून आत येतो का? मी लगेच ओळखलं. कडकोळच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या त्या मुलाचे मामा चौकशीला येणार, हे स्थळ सुचवणाऱ्या तिरुमलरावांनी सांगून ठेवलंच होतं.

आपल्यातली रीत तुला ठाऊक आहे. चौकशीला येणारा आपण कोण ते सांगत नाही आणि घरचेही विचारत नाहीत. मीही विचारलं नाही. अवरेकाळूचे दाणे घालून उप्पिट केलं होतं, ते दिलं, दोनदा कॉफी दिली. तुळसीबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही, सगळा रोख तुझ्यावर. शेतीवाडी किती, घर कुणाच्या नावावर, कुठल्या मठाला जातोस, पितोस का, राजकारणातली माणसं घरी येतात का, कुणाशी वैर आहे का. मला नवल वाटलं नाही. मुलगी बघायची तर आधी बाप बघतात.

आईचा नियम मी पाळला. आपल्या माणसाची चौकशी आली की गुण सांगण्याआधी एक खरा दोष सांगावा, म्हणजे पुढचे गुण ऐकणाऱ्याला खरे वाटतात आणि उद्या कुणी फसवलं म्हणत नाही. माझ्या वेळी आईनं मी घोरते हे सांगून टाकलं होतं. ह्यांनी तरीही होकार दिला आणि चाळीस वर्षांचा तक्रारीचा हक्क घालवून बसले. तुझाही एक दोष सांगितला आहे. कुठला ते भेटीत सांगेन, नाहीतर तू आत्ताच बस धरशील.

संक्रांतीचा एळ्ळु-बेल्लाचा डबा तिरुमलरावांच्या हाती पाठवते. तीळ घरी भाजलेत, खोबरं तुझ्या आवडीचं बारीक चिरलंय. माझा उजवा कान संपावर गेला आहे, तेव्हा फोन करू नकोस, पत्रच लिही. वरलक्ष्मीला आणि तुळसीला आशीर्वाद. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अंबक्का


बेंगळूर
१३ जानेवारी २००२

ती. अंबक्कास,
हयग्रीवचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, डबाही पोचला. डबा तुळसीनं अर्धा संपवला आणि पत्र मी दोनदा वाचलं. अक्का, ते मामा नव्हते. मुलाच्या वडिलांशी कालच बोलणं झालं. मामांचा पाय मुरगळला आहे, ते संक्रांत झाल्यावर येणार आहेत.

मग ते कोण, हे सांगायचं तर वरलक्ष्मीखेरीज कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगावी लागेल. तुझा कान चांगला असता तरी ही फोनवर बोलायची नव्हती. डिसेंबरात दिल्लीहून विचारणा आली की सुप्रीम कोर्टात नेमणूक झाली तर माझी तयारी आहे का. मी हो कळवलं. नुसती विचारणा आहे, नेमणूक नव्हे. हायकोर्टाचा चीफ जस्टिस नसलेल्या माणसाचं नाव तिथवर क्वचित जातं. माझं गेलं याचंच मला अजून आश्चर्य वाटतं.

तू शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचीस. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश कोण नेमतात? राष्ट्रपती. एक मार्क. सही आजही राष्ट्रपतींचीच असते. पण पूर्वी नाव सरकार ठरवायचं, सरन्यायाधीशांचं मत विचारून. आता सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालचे चार ज्येष्ठ न्यायाधीश बसून ठरवतात, आणि सरकार त्या माणसाची माहिती काढतं. घर, जमीन, सवयी, उठबस. तुझं उप्पिट खाऊन गेले ते गृहस्थ त्यातलेच असणार.

मी साठीचा झालो. बासष्ट पूर्ण झाली की इथून घरी. दिल्लीला गेलो तर पासष्टपर्यंत काम आहे. तुझ्यापाशी आडपडदा कशाला, मला जायचं आहे. जन्मभर जे काम केलं ते, ज्याच्यावर आणखी अपील नाही अशा ठिकाणी बसून एकदा करून बघायचं आहे. म्हणून विचारतो, आणि रागावलेलो नाही हे आधीच सांगतो. तू त्यांना कुठला दोष सांगितलास?

शेषगिरी भावजींना नमस्कार. तुझा धाकटा भाऊ आहे हे ध्यानात ठेवून उत्तर लवकर लिही.

तुझा,
हयग्रीव


म्हैसूर
१८ जानेवारी २००२

चि. हयग्रीव यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी जी खाली बसले ती ह्यांनी पाणी आणून देईपर्यंत उठले नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हे आधी घाबरले, मग सगळं ऐकून हसत सुटले. म्हणाले, सरकार काय आणि वरपक्ष काय, दोघांना प्रश्न तेच पडतात. मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

मी शांताक्काची गोष्ट सांगितली रे. काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे किती बिघडलं ते तुला कळेल.

मी म्हटलं, माझ्या भावाचा दोष असा की तो चुकतो, आणि चुकला की कोर्टाचा मान बाजूला ठेवून कबूल करायला जातो. शिवरामपेठेत शांताक्काचं शिवणाचं दुकान होतं, भाड्याच्या जागेत. मालकानं जागा स्वतःच्या वापराला हवी म्हणून खटला घातला आणि तो हायकोर्टात भावापुढे आला. मालकही आपलाच, मराठी बोलणारा. त्यानंच आधी शांताक्काला चिठ्ठी लिहिली होती आणि जागा जोड्यांच्या दुकानदाराला द्यायची आहे असं त्यात कबूल केलं होतं. चिठ्ठी कागदपत्रांत होती, मागे इंग्रजी भाषांतर. भाषांतर करणाऱ्याला आपली अर्धी कानडी मराठी उलगडेना, म्हणून त्यानं नेमकी ती ओळ सोडून दिली. शांताक्काच्या वकिलाला मराठी येत नव्हतं. आणि शांताक्का गप्प राहिली, का, तर जज्ज आपल्या भाषेतले आहेत, ते वाचतीलच. त्या अख्ख्या कोर्टात मूळ चिठ्ठी वाचता येणारा एकच माणूस खुर्चीत बसला होता आणि त्यानं पान उलटलं नाही. शांताक्काला दुकान सोडावं लागलं.

पुढचंही सांगितलं. चार वर्षांनी माझ्या ब्लाउजचं माप घेताना शांताक्का सहज बोलून गेली, रागानं नाही. आईच्या श्राद्धाला तू आलास तेव्हा मी ते तुझ्या कानावर घातलं. तू बेंगळूरला जाऊन जुनी फाइल काढलीस, चिठ्ठी वाचलीस आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आलास. तोवर दुकानाची इमारत पाडली होती, कायद्यानं परत देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तू तिच्या ओट्यावर बसून म्हणालास की चिठ्ठी माझ्यासमोर होती, मी वाचली नाही, चूक माझी आहे. ती बिचारी घाबरून उभीच राहिली. मग होगली बिडी, जाऊ द्या, म्हणाली, आणि तुझ्या काळ्या कोटाचं अस्तर उसवलेलं दिसलं ते तिथल्या तिथे शिवून दिलं. तेव्हापासून कानडी-मराठीतला प्रत्येक कागद तू स्वतः वाचतोस आणि वकील तुला सावकाश म्हणून नावं ठेवतात, हेही मी सांगितलं. तिथवर माझं सांगणं मला कौतुकाचंच वाटत होतं.

त्या गृहस्थांनी चमचा खाली ठेवला आणि शांताक्का कुठे राहतात विचारलं. मी शहाणी, वळणावरच्या नळासकट पत्ता सांगितला. ते तिच्याकडे जाऊनही आले आहेत. काय बोलणं झालं ते ती मला सांगत नाही. तुम्ही त्यांच्या अक्का, तुम्हाला सांगितलं तर पढवल्यासारखं होईल, म्हणते.

आता तुझ्या एका मार्काबद्दल. मी तीस वर्षं तो प्रश्न घातला. राष्ट्रपतींना माणूस कळतो कसा, हे एकाही मुलीनं विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मंत्र्यांनी निवडला तर मंत्र्यांना आवडेल असा निवडतील. न्यायाधीशांनी निवडला तर न्यायाधीशांना आवडेल असा. माझं म्हणशील तर, हरलेल्याला विचारावं. जिंकलेला काय, कुणाचंही कौतुक करतो. हरून घरी जाताना ज्याला वाटलं की आपलं म्हणणं पुरतं ऐकलं गेलं, तो ज्याचं नाव घेईल त्याला दिल्लीला बसवावं. हे तू हसावंस म्हणून लिहिलेलं नाही, मला मनापासून वाटतं.

ह्यांचे एक वर्गमित्र दिल्लीत मंत्र्यांच्या कचेरीत आहेत. हे म्हणतात, एक फोन करतो, बहीण भोळी आहे, तिचं बोलणं मनावर घेऊ नका म्हणून सांगतो. सांगू दे का? तुझं नुकसान माझ्या तोंडून व्हायला नको. दोन दिवस घास उतरत नाही. खरे मामा काल काठी टेकत आले, त्यांना मी उप्पिट दिलं पण भीतीनं तोंड उघडलं नाही. ते मला मुकी समजून गेले असतील.

रागावलास तरी लिही, पण लिही.

तुझी,
अंबक्का


बेंगळूर
२४ जानेवारी २००२

ती. अंबक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

भावजींना सांग, फोन करायचा नाही. त्यांची माया मला कळते. पण माझ्यासाठी कुणी मंत्र्यांच्या कचेरीत शब्द टाकला असं कळलं, त्या दिवशी मी माझा होकार परत घेईन. उद्या त्या मंत्र्याचाच कागद माझ्यापुढे आला तर मी तो कुठल्या तोंडानं वाचू?

मी दोन दिवस रागावलो होतो हे खरं. माझ्यासाठी नव्हे, शांताक्काच्या दारी सरकारी माणूस गेला म्हणून. एकदा आमच्यामुळे तिचं दुकान गेलं, आता म्हातारपणी चौकशी मागे लागली. तिला त्रास झाला नाही ना, तेवढं बघून ये. बाकी बिघडलं की नाही हे आज सांगता येणार नाही. न्यायाधीशानं हरलेल्याच्या ओट्यावर जाऊन बसणं शिस्तीला धरून नाही, कुणी ते माझ्याविरुद्ध धरलं तर त्याची चूक म्हणता येणार नाही. तू खरं सांगितलंस. ते भोळेपणाच्या नावाखाली परत घेऊ नकोस.

तुझा उपाय मी इथे जेवणाच्या सुट्टीत, नाव न सांगता, दोघा सहकाऱ्यांपुढे मांडला. एक हसले. दुसरे म्हणाले की हरलेल्यांना विचारलं तर आपल्यातले किती उरतील? अक्का, हरलेला रागानंही बोलतो. माझ्यापुढे हरलेल्यांतले निम्मे मला शिव्या देत असतील. म्हणून ज्यांनी आपले निकाल वर्षानुवर्षं वाचले त्या ज्येष्ठांनी निवडावं, यात मला तथ्य दिसतं. शिवण आतून कशी आहे ते दुसऱ्या शिंप्यालाच कळतं. पण कपडा कुठे काचतो ते घालणाऱ्याला कळतं, आणि निवड होते त्या खोलीत त्याला कुणी बोलवत नाही, हे तुझं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. खोलीचं दार बंद असतं. कुणाला का घेतलं, कुणाला का नाही, बाहेर काही येत नाही. आम्ही दोन ओळींचा हुकूम दिला तरी कारण लिहितो, आणि न्यायाधीश निवडताना मात्र कारण लिहून कुणाला देत नाही. हे मला पटत नाही, माझं नाव आत असतानाही पटत नाही.

जेवत जा. मामांनी तू शांत स्वभावाची आहेस असं इकडे कळवलं आहे. वरलक्ष्मी दोन दिवस हसते आहे.

ओरडायचा हक्क तुझाच आहे, तो वापरत राहा.

तुझा,
हयग्रीव


बेंगळूर
१७ मार्च २००२

ती. अंबक्कास,
कृ. सा. न. वि. वि.

माझं नाव झालं नाही. दुसऱ्या राज्यातल्या एका गृहस्थांची नेमणूक झाली. उद्या-परवा पेपरात येईल, ते तू दुसऱ्या कुणाकडून वाचण्याआधी लिहितो आहे.

त्यांचे निकाल मी वीस वर्षं वाचतो आहे. गरिबाचा कागद आणि कंपनीचा कागद त्यांच्या टेबलावर सारखाच उलटला जातो. मला निवडायला सांगितलं असतं तर मी त्यांनाच निवडलं असतं. हे चांगलं दिसावं म्हणून लिहीत नाही. आणि वाईट वाटलं नाही असंही लिहीत नाही. शनिवारी संध्याकाळी लालबागेत तीन फेऱ्या मारल्या, वरलक्ष्मी बरोबर चालली. का नाही, हे कुणी कळवत नाही, तशी रीत नाही. मी विचारणारही नाही.

आता तू काय करशील ते मला दिसतं आहे. खाली बसशील आणि स्वतःला बोल लावशील. म्हणून पुढचं नीट वाच. डिसेंबरात होकाराचं पत्र लिहिलं तेव्हा शेवटी मी एक परिच्छेद जोडला होता. शांताक्काचा खटला, त्याचा नंबर, न वाचलेली चिठ्ठी, आणि मी तिच्या ओट्यावर जाऊन काय बोललो ते सगळं. तुझा पाहुणा स्कूटरवरून उतरला त्याच्या तीन आठवडे आधी. आईनं तो नियम तुला एकटीला शिकवला नव्हता. तू जे सांगितलंस ते दिल्लीला आधीच माहीत होतं. तुझ्या बोलण्यानं झालं असेल तर एवढंच, की भावानं लिहिलेलं आणि बहिणीनं सांगितलेलं एकच निघालं.

हे तुला जानेवारीतच सांगायला हवं होतं. ते पत्र निकाल लागेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही असं मी ठरवलं होतं, वरलक्ष्मीलाही दाखवलं नाही. त्यापायी तू दोन महिने जिवाला लावून घेतलंस. माझं चुकलं. ओट्यावर येऊन तेही सांगायला तयार आहे.

मोठ्या बहिणीची माया असते ती अशा वेळेसाठीच, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझा,
हयग्रीव


म्हैसूर
२२ मार्च २००२

चि. हयग्रीव यास,
अ. उ. आ.

पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मग उगाच चष्मा पुसत म्हणाले, तुमच्या घरात सगळेच आपले दोष स्वतः वाटत फिरता, दुसऱ्याला काही काम ठेवत नाही.

लहानपणी तू दुधाचं भांडं सांडलंस की मी विचारण्याआधी येऊन सांगायचास, आणि मग तुला मारता यायचं नाही म्हणून माझा संताप व्हायचा. तसाच संताप आज झाला. एवढी मोठी खुर्ची समोर असताना कुणी आपल्या हातानं आपली चूक लिहून पाठवतं का? मग दिवसभर घरात फिरत होते आणि ज्याला त्याला सांगत होते की माझ्या भावानं पाठवली. हयग्रीव, मला तुझा फार अभिमान वाटतो. समोर असतास तर तुझी चेष्टा करून वेळ मारून नेली असती. मुलींना आता तो प्रश्न शिकवायचा असता तर एक मार्क राष्ट्रपतींना दिला असता आणि बाकीचे चार, माणूस ओळखायचा कसा यावर ठेवले असते.

तुळसीच्या बाबतीत मामा पुन्हा आले होते. या वेळी मी तोंड उघडलं आणि मुलगी सकाळी आठाच्या आत उठत नाही हे आधी सांगून टाकलं. ते म्हणाले, आमचा मुलगाही. बहुतेक जमलं म्हणायचं.

तू उगादीला ये. वरलक्ष्मीला घेऊन ये. इथे तुझ्यावरची माया दिल्लीच्या हुकमानं ठरत नाही.

तुझी,
अंबक्का

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात शांताक्का ब्लाउज घेऊन आली, म्हणून पुन्हा लिहायला बसले. दिल्लीचा निर्णय झाला एवढंच मी म्हटलं, तशी आता सांगायला हरकत नाही म्हणाली. त्या गृहस्थांनी तिला विचारलं होतं की तुमची काही तक्रार आहे का. तिनं सांगितलं, आहे, माझं दुकान गेलं आणि ते जायला नको होतं. पण या जन्मात माझं चुकलं असं मला एकाच मोठ्या माणसानं म्हटलं, आणि माझा पुन्हा खटला झाला तर मला तेच जज्ज हवेत. त्यांनी ते दोनदा लिहून घेतलं म्हणे. मग तुला दिल्ली मिळाली नाही हे मी तिला सांगितलं आणि माझे डोळे भरून आले. तिनं सुईदोरा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, तुम्ही कशाला रडता अक्का, त्यांचं काय गेलं? दिल्लीला जे हरायला जाणार आहेत, त्यांचं गेलं.